मला दिसणारं बटण

"मी कामाले हातच लावत नाई, मामाजी," अमर म्हणाला, आणि सासऱ्यांनी खूश होऊन त्याच्या ताटात मटणाची नळी वाढली.

मी त्याच पंगतीत, त्याच्या शेजारीच बसलो होतो. मी कामाला दोन्ही हात लावतो. माझ्या ताटात रस्सा आला.

अमर माझा साडू. माझ्या बायकोची, म्हणजे रंभाची, धाकटी बहीण रोशनी त्याला दिलेली. तो हैदराबादला एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. मीही कॉम्प्युटरवरच काम करतो. चंद्रपूरला, तुकूममध्ये, घराच्या पुढच्या खोलीत. क्लास चालवतो, लोकांना वेबसाइटी बनवून देतो. पण त्याच्या कामाची गोष्ट निघाली की लोक जेवायचे थांबतात आणि माझ्या कामाची निघाली की मीठ मागतात. तो हैदराबादला राहूनही आपली बोली विसरला नाही, याचं मूल गावच्या आमच्या सासुरवाडीत फार कौतुक. मी चंद्रपूरला राहून शुद्ध बोलायला शिकलो, त्याचं कोणाला काही नाही.

"म्हंजे काम करते कोन?" मामाजींनी विचारलं.

"प्रोग्राम करते. मी एक डाव लिहून ठेवतो. मंग थो सोताच ब्राउझर उघडते, सोताच नाव टाइप करते, सोताच बटन दाबते, आन् वेबसाइट बराबर चालून राह्यली का नाई थे सांगते. मी चहा पेतो."

"आन् पगार?"

"थो मलेच भेटते."

मामाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत माझ्याकडे वळले. मामाजी, इतवारीजी त्यांचं नाव, मत्स्यबीज सहकारी संघावर संचालक होते आणि संघाची वेबसाइट मी बनवत होतो. काम मला त्यांच्याच शब्दावर मिळालं होतं, हे ते कधी बोलून दाखवत नसत. फक्त दर सणाला आठवण करून देत. कल्पना चांगली होती. गावोगावच्या तलाव संस्थांनी बोटभर माशांच्या पिल्लांची, म्हणजे बोटुकलीची, मागणी घरबसल्या नोंदवायची. एरवी त्या लोकांना जूनच्या उकाड्यात मूलला येऊन रांग लावावी लागे, आणि उशीर झाला की उरलंसुरलं, अर्धमेलं बीज पदरात पडे. तेवढ्यावर वर्षभराचा तलाव.

"केवळबापू, आपल्या वेबसाइटीची अशी तपासनी झाली का?"

"झाली ना, मामाजी. मी स्वतः तपासली. बोटानं."

"बोटानं?" मामाजी म्हणाले. मी नाकातून शेंबूड काढून वेबसाइटीला लावला असावा, असा तो स्वर होता.

"केवळभाऊ, मी करून देतो ना," अमर म्हणाला. "बसल्या बसल्या होते."

तो मनापासून म्हणत होता, हेच मला सहन झालं नाही. माणसाने एक तर मोठ्या पगाराचं असावं, नाही तर मनाने मोठं असावं. दोन्ही असणं म्हणजे दुसऱ्यांसाठी काही शिल्लक न ठेवणं.

"तुम्ही कशाला त्रास घेता," मी म्हणालो. "मी करतोच."

रंभाने समोरून माझ्याकडे पाहिलं. हातगाडीवाला ट्रक ओढायला निघाला की लोक जसे पाहतात, तसं.

* * *

तसला प्रोग्राम फुकट मिळतो. मी तो उतरवून घेतला, इंटरनेटवर वाचून वाचून त्याला सूचना लिहून दिल्या: आमची वेबसाइट उघड, तलावाचं नाव निवड, बोटुकलीचा आकडा टाक, 'मागणी नोंदवा' हे बटण दिसेपर्यंत थांब, दिसलं की दाब. जेव्हा पहिल्यांदा ब्राउझर आपला आपण उघडला आणि रकान्यात आपोआप अक्षरं उमटू लागली, तेव्हा मी अक्षरशः खुर्चीवरून उठलो.

"रंभा! इकडे ये! बघ, मी हात लावला का? लावला का हात?"

रंभा कणकेच्या हाताने आली. मी दोन्ही हात वर करून उभा होतो. चोराला पोलिसांनी पकडावं तसा. पण चेहऱ्यावर असा विजय होता की तिलाही बरं वाटलं असावं.

पडद्यावर तलाव निवडला गेला. आकडा पडला. मग प्रोग्राम बटणाची वाट पाहू लागला. पाहिली, पाहिली, आणि लाल अक्षरात एक ओळ आली, तिचा अर्थ असा: वेळ संपली, घटक दिसला नाही. खिडकी फटकन बंद झाली.

"कोनचा घटक?" रंभाने विचारलं.

"बटण."

"थे त दिसून राह्यलं."

खरंच दिसत होतं. शेजारी माझ्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये तीच वेबसाइट उघडी होती आणि तिच्यावर बटण हिरवंगार, ठसठशीत. मी जितक्या वेळा उघडावं तितक्या वेळा लगेच हजर. आणि प्रोग्रामने उघडलेल्या खिडकीत मात्र बटणाची जागा कोरी. वरती अध्यक्ष सुकलूजींचा फोटो, तोही मिशीपर्यंतच उतरलेला. त्याकडे मी लक्ष दिलं नाही. अध्यक्ष आम्हाला नेहमीच अर्धवट भेटत.

हा फोटो कसा आला, ते सांगायला हवं. वेबसाइट सुरू करायच्या आधी सुकलूजी खास माझ्या घरी आले होते. भाच्याच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर काढलेला फोटो, हातात भला मोठा कतला मासा, अंगात सफारी. मी म्हणालो, थोडा लहान करून टाकतो. त्यांचा चेहरा पडला. "बारीक नोको करू केवळराम. मानूस बारीक केला का संघ बारीक दिसते. ओरिजनल टाक." पडद्यावर दिसायला फोटो बेतशीर दिसे, पण आतमध्ये तो पूर्ण अंगापिंडाचा, ओरिजनलच होता. मी टाकला. ज्याच्या सहीने बिल निघायचं, त्याच्याशी लांबीरुंदीवर वाद घालू नये.

तर बटण. इंटरनेटवरच्या जाणत्यांनी लिहिलं होतं, थांबायची वेळ वाढवून पाहा. प्रोग्राम मुळात अर्धा मिनिट थांबत होता. मी एक मिनिट केलं. नाही. दोन केली. नाही. तीन केली, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला बटण दिसलं, दाबलं गेलं, हिरवी ओळ आली! मी ताबडतोब सासुरवाडीला फोन लावून मामाजींना सांगितलं, की झालं, आपोआप.

"वा," मामाजी म्हणाले. "अमरबापूले सांगतो, खूश होईन."

का खूश होईल? माझं झालं तर तो का खूश होईल? तो नाखूश व्हायला हवा होता. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ याच विचारात होतो.

* * *

हिरवी ओळ आठवडाभरही टिकली नाही. कारण मधल्या काळात उपाध्यक्षांनी वेबसाइट पाहिली. त्यांनी मला काही म्हटलं नाही. फक्त विचारलं की संघाला उपाध्यक्ष आहे की नाही, याबद्दल वेबसाइटीचं काय मत आहे. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोटो आला. ओरिजनल. अध्यक्षांच्या हातात कतला होता, म्हणून यांच्या दोन्ही हातांत रोहू.

मी तो चढवला आणि तपासणी पुन्हा लाल झाली. आता या दोन घटनांमध्ये काही नातं असेल, हे क्लासमधल्या पोरालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण माझं डोकं दुसरीकडे होतं. मी रात्रंदिवस एकच विचार करत होतो, की अमरचा प्रोग्राम चालतो आणि माझा चालत नाही, तर त्याच्याजवळ असं काय आहे? एसी असेल. एसीत प्रोग्राम नीट चालत असतील. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात डांबर वितळतं, तिथे बिचारा प्रोग्राम काय करणार.

शेवटी एका दुपारी मी रंभाला म्हणालो, "रोशनीला फोन कर. सहज. बोलता बोलता विचार, की अमर असं काही आलं तर काय करतो. माझं नाव काढू नको."

रंभाने फोन लावला. मी शेजारच्या खोलीत, पण कान इकडे.

"काय करून राह्यली वं? ... लोनचं टाकलं का? ... बरं आयक, तुह्या नवऱ्याले इचार, एखादी गोष्ट आपल्याले दिसते पन प्रोग्रामले दिसत नाई, तं काय कराचं? ... नाई, आमच्या यायले नाई पायजे. असंच. मलेच इचाराचं होतं."

म्हणजे आता हैदराबादमध्ये असं चित्र उभं राहिलं, की रंभा चंद्रपूरला स्वयंपाक सोडून वेबसाइटी तपासते. पलीकडून बराच वेळ काही काही ऐकू येत होतं. रंभा 'हो, हो' करत होती. फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"थे म्हनते, घड्याळ लावून बसू नोका. दिसेपर्यंत थांबाचं, पन कायच्यासाठी अडून राह्यलं थे पाहाचं. आन् बटनाच्या वरतं काई झाकन हाय का पाहा म्हने."

"झाकण?"

"हो. झाकलं असन तं दिसत नाई म्हने."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग रंभा पुढच्या खोलीत गेली आणि मॉनिटरवर तिनेच शिवून घातलेलं, कशिद्याच्या मोराचं कव्हर काढून घडी करून कपाटात ठेवलं. मी तिला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर, कव्हर काढल्यावर एकदा चालवूनही पाहिलं. लाल.

आता शेजारच्या श्रावणभाऊंना ही बातमी लागायचं काही कारण नव्हतं, पण मे महिन्यात आमच्याकडे सगळ्यांच्या खिडक्या उघड्या असतात. श्रावणभाऊ माजरीच्या कोळसा खाणीतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही बिघाडाचं कारण त्यांना एकच माहीत. संध्याकाळी ते खुर्ची घेऊन आले, पडद्याकडे पाहिलं, जमिनीला पाय आपटून पाहिला आणि म्हणाले, "अर्थिंग नाई तुले."

"श्रावणभाऊ, हा बटणाचा..."

"बटन कायवर चालते? करंटवर. करंट कुठी जाते? जमिनीत. तुह्या घरी त्याले जाले जागाच नाई. मंग थे बटन कदी दिसन, कदी नाई दिसन. मले सांगू नोको, मी खानीत जनम काहाडला."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण जेव्हा माणसाजवळ स्वतःचा उपाय नसतो, तेव्हा दुसऱ्याच्या आत्मविश्वासाला नाही म्हणणं फार जड जातं. शिवाय मनात असंही आलं, की हैदराबादच्या त्या इमारतीला अर्थिंग असणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खड्डा. मीठ आणलं, कोळसा श्रावणभाऊंनी घरूनच दिला. सब्बल, म्हणजे पहार, मीच हाणत होतो. चांगलं कंबरभर खोल गेल्यावर सब्बल कशावर तरी टणकन आदळली. "दगड हाय, हान जोरानं," श्रावणभाऊ वरून म्हणाले. मी हाणली. दगडातून पाणी आलं. मग धो धो आलं. मग माझ्या डोक्याच्या वर गेलं.

नळाची मुख्य पाइपलाइन आमच्या अंगणातून जाते, हे मला त्या दिवशी कळलं. गल्लीला मात्र फार आनंद झाला. नळ दिवसाआड, तोही अर्धा तास. आणि इथे फुकटचं कारंजं. बाया घागरी, हंडे-गुंड, टब घेऊन आल्या. पलीकडच्या गल्लीतल्या धुरपताबाई तर गोधड्या घेऊन आल्या धुवायला. "केवळभाऊनं पुन्याचं काम केलं," त्या म्हणाल्या. मी चिखलात उभा राहून नमस्कार केला.

नगरपरिषदेचं मत वेगळं पडलं. पाणीपुरवठ्याच्या बाबूने मला समोर उभं करून विचारलं, "पाइप फुटला का फोडला?"

"फुटला."

"आपोआप?"

"नाही. सबलीनं."

"मंग फोडला. फुटल्याचा अर्ज इथी घेतो. फोडल्याचा तिकडच्या टेबलावर."

तिकडच्या टेबलावरचा माणूस बहिणीच्या लग्नाला सिरोंच्याला गेला होता आणि गोदावरीकाठची लग्नं एका दिवसात आटपत नाहीत. तो परत येईपर्यंत मी रोज जाऊन त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून यायचो. एकदा वाटलं, त्याच्याही खुर्चीपुढे लाल ओळ यायला हवी. वेळ संपली, घटक दिसला नाही.

पाइप दुरुस्त झाला, दंड भरला, अर्थिंगही शेवटी झालं. तपासणी लालच.

दरम्यान, उपाध्यक्षांचा फोटो पाहून सचिवांचा आला, सचिवांचा पाहून खजिनदारांचा, आणि मग एकेक करून सगळ्या संचालकांचे. मामाजींचाही आला. त्यांच्या फोटोत मासा नव्हता. ते मोटरसायकलवर बसले होते आणि मोटरसायकल अमरची होती. मी तो फोटो जितका खाली ढकलता येईल तितका खाली ढकलला. मग थांबायची वेळ आणखी वाढवली. मग आणखी. आता प्रोग्राम सुरू करून मी आंघोळ, पूजा उरकून यायचो. कधी हिरवं मिळे, बहुधा लाल.

* * *

पावसाच्या तोंडावर मूलला संघाच्या सभागृहात उद्घाटन ठरलं. जिल्ह्याचे मत्स्य अधिकारी येणार. गावोगावच्या संस्थांचे लोक येणार. अधिकाऱ्यांना वेबसाइट पसंत पडली तर यंदाची सगळी मागणी तिच्यावरूनच घ्यायची आणि पुढच्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यांचंही काम मला मिळायचं, असं बोलणं झालं होतं. मी नवा शर्ट घेतला.

सभागृहात शिरलो तर व्यासपीठावर, अधिकाऱ्यांच्या डाव्या हाताला, हार घालून अमर बसला होता.

"खास हैदराबादवरून बोलावलं," मामाजी माझ्या कानाशी म्हणाले. "तपासनी सगळ्याईच्या समोर अमरबापूच करतीन. संघाची शान वाढते."

माझी खुर्ची दुसऱ्या रांगेत होती, खांबाच्या मागे. रंभा शेजारी. अमरने मला पाहिलं आणि चटकन उठून खाली आला. "केवळभाऊ, तुम्हाले खाली बसवतीन थे मले माहीतच नोतं. वेबसाइट तुमची हाय, तुम्हीच चालवा ना. मी बाजूले बसतो."

इथे मी हो म्हणालो असतो तर सोबत आणलेला माझा लॅपटॉप उघडला असता, त्यातही मी रोज वापरलेला ब्राउझर उघडला असता, बटण हिरवंगार दिसलं असतं आणि टाळ्या पडल्या असत्या. पण मला तपासणीची लाल ओळ माहीत होती. आणि ती हार घातलेल्या माणसाच्या नावावर पडावी, अशी मला फार फार इच्छा झाली.

"छे छे," मी म्हणालो. "पाहुण्यांनीच करावं."

अमरने आपला लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. सभागृहाचं इंटरनेट आमच्या घरच्यापेक्षा हळू. मोठ्या पडद्यावर संघाची वेबसाइट उघडली आणि सगळ्यात वर, हळूहळू, एक एक पट्टी खाली सरकत, अध्यक्ष सुकलूजी प्रकट होऊ लागले. आधी टोपी आली. मग कपाळ आलं. कपाळ बराच वेळ राहिलं. मग भुवया. सभागृह श्वास रोखून पाहत होतं. कतल्याचं डोकं दिसलं तेव्हा कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. सुकलूजींनी उभं राहून हात जोडले.

मग उपाध्यक्ष येऊ लागले. त्यांनाही टाळ्या. सचिव. खजिनदार. संचालकांपैकी कोणालाच घाई नव्हती. प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट पाहत होता आणि आपल्या कपाळानंतर लोक किती वेळ टाळ्या वाजवतात हे मोजत होता. अधिकारी घड्याळ पाहत होते. बटणाची जागा कोरी होती. अमरने आपला प्रोग्राम चालवला. तो थांबला, थांबला, आणि मोठ्या पडद्यावर, भिंतभर लाल अक्षरात आलं: वेळ संपली.

मला हसू आलं. मी ते दाबायचा प्रयत्न केला, पण पोटातून आलेलं हसू ते, नाकाने बाहेर पडलं. रंभाने मांडीला असा चिमटा घेतला की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मागून एक बाई उभी राहिली. जिल्ह्याच्या टोकाकडच्या महिला तलाव संस्थेची अध्यक्ष, सोनीबाई. पहाटेची बस धरून आली होती.

"साहेब, मी तुमचे तोंडं पाहाले नाई आली. मी बीज सांगाले आली. आमच्या तलावात यंदा बीज नाई पडलं तं चाळीस घरच्या बाया रोजीले जातीन. थे बटन कुठी हाय?"

मत्स्य अधिकारी पुढे वाकले आणि शांतपणे विचारलं, "ही वेबसाइट कोणी बनवली?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सुकलूजींची, मामाजींची, खांबाच्या पलीकडच्या लोकांचीसुद्धा; ते वाकून वाकून पाहत होते. फक्त अमरने पाहिलं नाही. तो खाली, आपल्या लॅपटॉपकडे पाहत होता. माझं हसू कुठे गेलं ते मला अजून माहीत नाही. मी इतके दिवस ज्याच्या फजितीची वाट पाहत होतो, तो मीच निघालो होतो.

"साहेब, पंधरा मिनिटं द्या," अमर म्हणाला. "नेट हळू हाय इथलं. चहा घेऊन घेऊ."

त्याने मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. "भाऊ, हे फोटो केवढाले हायत?"

"ओरिजनल," मी म्हणालो.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने हळू आवाजात विचारलं, बटण केव्हा दाखवायचं असं लिहिलं आहे. आणि मला आठवलं. लोकांनी अर्धवट पानावर घाईने काही दाबू नये, म्हणून पान पूर्ण उतरेपर्यंत बटण लपवून ठेव, असं मीच लिहिलं होतं. पान पूर्ण उतरायचं म्हणजे एवढ्या सगळ्या माणसांचं, त्यांच्या माशांचं आणि अमरच्या मोटरसायकलचं ओझं आधी उतरायचं. माझ्या ब्राउझरने हे फोटो एकदाच उतरवून जपून ठेवले होते, म्हणून मला बटण लगेच दिसे. तपासणीचा प्रोग्राम दर वेळी कोरा ब्राउझर उघडतो. त्याला सगळी माणसं दर वेळी नव्याने भेटत.

"काही नाई," अमर म्हणाला. "फोटो लहान करू, नाई तं काहाडून टाकू. पाच मिनिटाचं काम."

कामाची ती पाच मिनिटं खरी. पण परवानगीचं काय? आम्ही बाहेर येऊन सांगितलं आणि सभागृहात दंगल उसळली. सुकलूजी म्हणाले, अध्यक्षांचा फोटो राहील, बाकीचे काढा. उपाध्यक्ष म्हणाले, काढायचे तर वरून काढा. सचिवांनी सांगितलं, फोटो लावायचा ठराव झालेला नाही, पण काढायचा तर ठराव लागेल, आणि त्यासाठी सात दिवस आधी सूचना लागेल. लहान करायला तर कोणीच तयार नाही. अमरने समजावून पाहिलं, की दिसायला काही फरक पडणार नाही. "मंग कराचा काऊन?" खजिनदारांनी विचारलं. हैदराबादच्या कंपनीत अमरला असे प्रश्न येत नसावेत.

मी मात्र या लोकांना ओळखत होतो. अशा माणसांचं दुखणं कुठे असतं, ते मला आतून माहीत होतं. गेला महिनाभर मी दुसरं काय करत होतो? मी पुढे गेलो, माइक घेतला.

"अध्यक्षसाहेब, फोटो कोणाचाच काढायचा नाही," मी म्हणालो. "उलट माझ्याकडून चूक झाली. एवढ्या मोठ्या माणसांना मी एका पानावर कोंबलं, एकाच्या खाली एक. खालच्या माणसाचा हा अपमान आहे. प्रत्येकाला स्वतंत्र पान पाहिजे. त्या पानावर दुसरं कोणी नाही. आपलं नाव दाबलं की आपलं पान."

उपाध्यक्ष खुर्चीच्या कडेला सरकले.

"स्वतंत्र?" उपाध्यक्षांनी विचारलं.

"स्वतंत्र."

"माह्या पानावर सुकलूभाऊ नाई?"

"नाहीत."

"माह्या पानावर हा नाई?" सुकलूजींनी विचारलं.

एकमताने मंजूर झालं. ठराव, सूचना, काही लागलं नाही.

मी बसलो आणि अमर शेजारी. मी पानं तोडत गेलो, तो जोडत गेला. एकदा त्याने माझ्या सूचनांमधली चूक दाखवली, एकदा मी त्याला आमच्या तलावांच्या नावांची खोच सांगितली. मध्येच लक्षात आलं, की मला मजा येते आहे. मी ताबडतोब चेहरा गंभीर केला.

प्रोग्राम पुन्हा चालला. तलाव निवडला गेला, आकडा पडला, आणि लगेच, डोळ्याची पापणी लवायच्या आत, पांढऱ्या पडद्यावर ते बटण उगवलं. हिरवं. 'मागणी नोंदवा.' तपासणी झाली तशी अमरने लॅपटॉप सोनीबाईपुढे सरकवला. तिने पदराला बोट पुसलं आणि दाबलं. तिच्या संस्थेची मागणी यंदाची पहिली नोंदली गेली. टाळ्या अशा पडल्या की अध्यक्षांच्या कपाळालाही तशा पडल्या नव्हत्या.

मामाजी माइकवर आले. "माह्या धाकट्या जवायानं," ते म्हणाले, "आज संघाची लाज राखली."

मी खांबाकडे पाहिलं. तो मजबूत होता.

अमर उठला. त्याने मामाजींच्या हातातून माइक घेतला. "नाई मामाजी. वेबसाइट केवळभाऊची. पानं अलग कराची अक्कलबी त्याईचीच. मले नसती सुचली. माह्या प्रोग्रामले तं फक्त वेळ संपली एवढंच सांगता येते."

सभागृहात कुजबुज झाली. माझी मान ताठ झाली. रंभाचे डोळे चमकले. आणि मामाजींनी गहिवरून अमरला मिठी मारली.

"पाहा," ते सभागृहाला म्हणाले, "एवढा मोठा मानूस, पन अहंकार हाय का? सगळं सोता करून नाव साडूचं घेते!"

टाळ्या थांबेनात. अमर हात हलवून नाही नाही म्हणत होता आणि जसजसा तो नाही म्हणत होता तसतसा तो मोठा होत होता. शेवटी मीही टाळ्या वाजवल्या. खांबामागे बसून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

* * *

काम मला मिळालं. शेजारच्या जिल्ह्यांचंही मिळालं. पुढच्या उन्हाळ्यात, तलावाचं पाणी उतरल्यावर, एका सकाळी सोनीबाई आमच्या दारात उभी. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, हातभर लांबीचा रोहू. मी पाणी दिलं, खुर्ची दिली. छाती जरा पुढे आली होती, लपवत नाही.

"तलाव लय चांगला आला यंदा," ती म्हणाली. "बायाइनं सांगतलं, पयला मोठा मासा द्याचाच." तिने गोणपाट माझ्या हातात दिलं. "हा त्या हैदराबादवाल्या साहेबाले पोचवजा, भाऊ. लय भला मानूस."

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात मासा हैदराबादला पोचत नाही. पोचला तर त्याला कोणी घरात घेत नाही. त्यामुळे दुपारी तो आमच्याच घरी शिजला. रंभाने जवसाचं तिखट लावून तो असा केला होता की गल्लीतून जाणारे थांबत होते. मी ठरवलं होतं, दुसऱ्याच्या नावाचा मासा आहे, कर्तव्य म्हणून एक तुकडा खायचा. दुसऱ्या तुकड्याला मी ते विसरलो. शेवटी डोकंही मीच चोखलं.

"अमरले फोन करून सांगावं का," रंभाने ताट उचलता उचलता विचारलं, "त्याईच्या नावानं मासा आला होता म्हून?"

"सांग ना," मी बोटं चाटत म्हणालो. "पण काटे फार होते म्हणावं."